कुरडईला डोनट म्हणणारा कॅमेरा

आमच्या नातेवाइकांत कोणी नवा मोबाइल घेतला की तो सगळ्यांना दाखवतात, फक्त मला सोडून. मी दिसलो की फोन पर्समध्ये जातो. साळीने एकदा कौतुकाने नवा फोन माझ्या हातात दिला होता आणि चहा होईपर्यंत मी त्यातले निम्मे अॅप काढून टाकले होते. टॉर्चचं अॅप तिच्या ओळखीच्या सगळ्यांचे नंबर मागत होतं. टॉर्चला तुझ्या माहेरची माणसं कशाला माहीत पाहिजेत, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "भाऊजी, मले अंधारात दिसाले पाह्यजे, बस."

मी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवतो आणि तरुणपणापासून मुक्त सॉफ्टवेअरचा भक्त आहे. ज्या सॉफ्टवेअरची आतली कृती कोणालाही वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते, ते मुक्त. बाकीचं सगळं सावजीच्या मसाल्यासारखं: खा, घाम पुसा, आत काय आहे ते विचारू नका. सावजीच्या बाबतीत मीही विचारत नाही. तत्त्वालासुद्धा कधीतरी सुट्टी लागते.

तर अशा या तत्त्वांपायी मी सोसायटीच्या ग्रुपवर नाही. ते अॅप कोणाकोणाला काय काय सांगतं याचा भरवसा नाही, म्हणून मी ते घेतलेलं नाही. नळाला पाणी कधी येणार, लिफ्ट कधी बंद राहणार, कोणाकडे बारसं आहे, हे सगळं बायको तिच्या फोनवर वाचते आणि मला सांगते. माझे फोटोही तिच्याच फोनवरून सगळीकडे जातात. म्हणजे माझी प्रायव्हसी बायकोच्या मोबाइलवर चालते. हे मी कोणाला सांगत नाही, पण ती सगळ्यांना सांगते.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून पाण्याच्या टाकीचा पितळी नळ चोरीला गेला. नवा बसवला, तोही गेला. सेक्रेटरींनी मीटिंग बोलावली. त्यांचा लकडगंजला लाकडाचा धंदा आहे आणि कुठलाही प्रश्न सौद्यासारखा झटपट मिटवायची त्यांना सवय आहे. एका कंपनीचे कॅमेरे त्यांनी ठरवूनच आणले होते. चित्र थेट कंपनीच्या कॉम्प्युटरवर जाणार, तिथून मोबाइलवर दिसणार.

मी उभा राहिलो. मीटिंगमध्ये मी उभा राहिलो की लोक घड्याळ बघतात. आपली गच्ची कोण बघणार, ती चित्रं किती दिवस ठेवणार, कोणाला विकणार, उद्या पोलिसांनी मागितली तर कोणाला विचारून देणार, असं मी एकेक विचारत गेलो. सेक्रेटरी म्हणाले, "सर, बात सही आहे. पण ज्याच्या मनात खोट नाही, त्याले डर कायचा?"

या वाक्याची मी आयुष्यभर वाट बघत असतो. मी म्हणालो, "तुमच्या मनात खोट नाही ना? मग बाथरूमची कडी कशाला लावता?"

लोक हसले. मला वाटलं, मी जिंकलो. बायकोने तेवढ्यात मागून हळूच म्हटलं, "प्लास्टिकचा नळ लावा ना. तो कोन नेते?" पण त्या सूचनेत तत्त्व असं काहीच नव्हतं, म्हणून मी ती कानाआड केली. सेक्रेटरी म्हणाले, "तं मंग सर, तुम्हीच बसवा तुमच्या पद्धतीनं." आणि मी, जो पाच मिनिटांपूर्वी कॅमेऱ्याच्या विरोधात बोलत होतो, एकदम खूश होऊन हो म्हणालो. माझा विरोध कॅमेऱ्याला नव्हताच. तो कंपनीच्या कॅमेऱ्याला होता, हे मलाही त्याच वेळी कळलं.

पुढचे काही दिवस माझ्यासारखा सुखी माणूस नागपुरात नसेल. घरातला जुना कॉम्प्युटर मीटरच्या खोलीत नेला, त्यावर मुक्त सॉफ्टवेअर चढवलं, चार मजले वायर ओढली, गच्चीच्या कोपऱ्यात कॅमेरा लावला. एकही चित्र बिल्डिंगबाहेर जाणार नाही. किल्ली फक्त माझ्याकडे, सेक्रेटरींकडेसुद्धा नाही. नोटीस बोर्डावर मी कागद लावला: या यंत्रणेतली ओळ अन् ओळ वाचायचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. कोणी वाचायला आलं नाही. वॉचमनने तेवढं विचारलं की क्रिकेट दिसेल का.

ते सॉफ्टवेअर हुशार होतं. चित्रात जे दिसेल त्याभोवती चौकोन काढून त्याचं नाव लिहायचं: माणूस, मांजर, पक्षी, खुर्ची. फक्त ते शिकलं होतं दूर कुठल्या तरी देशातल्या चित्रांवर. आणि आमच्या गच्चीवर सुरू झालं होतं वाळवण.

आमच्याकडे उन्हाळ्यात नऊनंतर गच्चीवर पाय टेकवत नाही. म्हणून बिल्डिंगमधल्या बायका उजाडताच वर जातात. आदल्या दिवसांत गहू भिजवून, वाटून, पिळून चीक काढलेला असतो. तो घरी शिजवायचा, गरम गंज, म्हणजे मोठं पातेलं, धरून वर न्यायचा आणि सोऱ्यातून प्लास्टिकवर कुरडया पाडायच्या. या कामाच्या मुख्य तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. काकूंचा हात बसलेला, आणि जीभही. माझी बायको यवतमाळकडची, तिला काकूंमध्ये आपल्या गावचं माणूस सापडलं होतं. दरवर्षी वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून खाली यायचा, तेवढाच माझा त्या कार्यक्रमाशी संबंध.

त्या वर्षी मी मोबाइलवर बघितलं तर सॉफ्टवेअरने प्रत्येक कुरडईभोवती चौकोन काढून लिहिलं होतं: डोनट. ओळीने डोनट. सांडग्यांना ब्रोकोली. आणि डोक्याला पांढरा पंचा गुंडाळून, लुगडं वर खोचून, गुडघ्यांत मान घालून सोऱ्या दाबणाऱ्या काकूंना ते म्हणत होतं सूटकेस. मला हसू आवरेना. यंत्राच्या मर्यादांवर वर्गात सांगायला इतकं उत्तम उदाहरण मिळालं म्हणून मी ते चित्र जपूनही ठेवलं.

संध्याकाळी काकू सोऱ्या परत द्यायला आमच्याकडे आल्या. बायको चहा करत होती. मी अगदी रंगवून सांगितलं. डोनट झालं, ब्रोकोली झाली, बायको हसली. मग मी म्हणालो, "आणि काकू, तुम्हाला तर ते सूटकेस म्हणतं."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी पदर खांद्यावरून पुढे ओढला आणि विचारलं, "तुले कसं मालूम गा बापू?"

"म्हणजे, दिसतं ना. मोबाइलवर."

"तू पाहून राहिला होता?"

मी म्हणालो, सहज. नळासाठी. काकूंनी चहा अर्धा ठेवला आणि त्या गेल्या. बायकोने कप उचलता उचलता म्हटलं, "कुंपणानंच शेत खाल्लं."

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर डोनट बंद झाले. मोबाइलवर फक्त पक्षी यायचे, आणि संध्याकाळी एक मांजर. चार-पाच दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की गहू भिजायला वेळ लागतो. मग बायको म्हणाली, काकू या वर्षी कुरडया करणार नाहीत. विकत आणू म्हणतात. आमच्या बिल्डिंगमध्ये काकूंनी कुरडया विकत आणणं म्हणजे काय, हे मलासुद्धा समजत होतं.

"त्यांना लाज वाटली का? मी तसं काही पाहिलं नाही गं," मी म्हणालो.

बायको जराशी चिडली. ती चिडली की तिच्या माहेरची बोली पुरती बाहेर येते. "तुम्ही काय पाह्यलं ते कोन पुसून राहिलं तुम्हाले? काकूले घरात खोली आहे का? हॉलमध्ये झोपते ते. टीव्ही बंद झाल्यावर तिचं अंथरून पडते. सून समोर, लेक समोर, नातू समोर. फोनवर बहिनीशी बोलली तरी तिघं ऐकतेत. वर्षातून हे पंधरा-वीस दिवस ते वरते मोकळं बोलते, हसते, रडतेबी. लुगडं खोचून, पाय पसरून बसते. कुरडया काय, दुकानात भेटतेत."

मला खरंच वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर माझ्यासारखा माणूस जे करतो तेच मी केलं. मी सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केली.

त्यात चित्राच्या हव्या त्या भागावर काळा चौकोन टाकायची सोय होती. मी टाकी आणि नळ तेवढे ठेवले आणि बाकी सगळी गच्ची काळी करून टाकली. सकाळचं रेकॉर्डिंग बंद केलं. मोबाइल घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि काकूंना दाखवलं. सून, लेक आणि नातूही बघायला आले. तेव्हा बायकोचं म्हणणं मला नीट दिसलं.

काकूंनी चष्मा लावून बराच वेळ त्या काळ्या चौकोनाकडे पाहिलं. "हे काळं कोनं केलं?"

"मी केलं, काकू."

"मंग तुले काढताबी येत असन."

"येतं. पण मी काढणार नाही ना. सगळं खुलं आहे काकू, कोणीही तपासू शकतं. आणि माझ्यावर विश्वास ठेवा."

बोललो आणि जिना उतरताना मधेच थांबलो. माझ्यावर विश्वास ठेवा. अहो, सगळ्या कंपन्या हेच म्हणतात. अॅप उघडलं की पहिल्या पानावर हेच लिहिलेलं असतं, गोड भाषेत. वर्गात मी पोरांना सांगतो की स्वातंत्र्य कोणाच्या भलेपणावर ठेवायचं नसतं, कारण भला माणूस उद्या बदलतो, बदली होऊन जातो किंवा त्याला कुतूहल वाटतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मी तर उद्यापर्यंतही थांबलो नव्हतो. पहिल्याच आठवड्यात मोबाइल काढून सूटकेस बघत बसलो होतो.

मी सेक्रेटरींकडे गेलो आणि गच्चीवरचा कॅमेरा काढू या म्हणालो. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "काहून सर? एकदम बढिया चालून राहिलं. तुम्हीच तं भाषन दिलं होतं का आपलं सिस्टिम आहे, आपल्या हातात आहे. नळ गेला का मंग एकबी?"

माझ्याच भाषणाविरुद्ध बोलायची पाळी माझ्यावर प्रथमच आली होती, आणि ते भाषण चांगलं होतं. मी पुन्हा कडीवर आलो. ते म्हणाले, बाथरूमची गोष्ट अलग आहे, छत तं सगळ्याइचं आहे. मी खासगी म्हणजे काय, सार्वजनिक म्हणजे काय, यावर बोलू लागलो. त्यांनी फोन उचलला. लाकडाच्या ट्रकचा होता.

शेवटी बायकोच त्यांच्याकडे गेली. काय बोलली ते मला नंतर सेक्रेटरींनीच सांगितलं. ती म्हणाली होती, "भाऊ, प्लास्टिकचा नळ लावा. तुमच्या घरी या वर्षी कुरडया आल्या का?" दरवर्षी काकूंच्या हातच्या कुरडयांचा डबा त्यांच्याकडेही जात असे. ते विचारात पडले. दुसऱ्या दिवशी प्लंबर येऊन प्लास्टिकचा नळ लावून गेला. तो अजून जागेवर आहे. माझी तत्त्वं, माझी वायर, मीटरच्या खोलीतला माझा कॉम्प्युटर, यांतलं काहीच त्या नळाला लागलं नाही.

कॅमेरा मी स्वतः काढला. शिडीवर चढलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं आणि स्क्रू इतका गरम झाला होता की बोट भाजलं. खाली काकू गच्चीच्या दारात उभ्या होत्या. मी कॅमेरा हातात धरून त्यांना दाखवला. जपून ठेवलेलं ते सूटकेसचं चित्रही त्यांच्यासमोरच पुसलं. त्या म्हणाल्या, "बापू, बोटाले बर्फ लाव."

पुढच्या आठवड्यात काकूंनी गहू भिजवले. या वेळी चीक तळमजल्यावर आमच्या घरी शिजला, आणि त्या सकाळी बायकोने मला उठवलं, कारण गंज जड होता. दोन्ही बाजूंनी फडकं धरून मी तो चार मजले वर नेला. मनात असं होतं की आता मला वर या म्हणतील, जरा बसवतील, गोष्ट मिटली म्हणून दोन शब्द बोलतील. काकूंनी गच्चीच्या दारातच गंज घेतला. "जाय आता खाली," त्या म्हणाल्या, आणि दार लावून आतून कडी घातली.

मी रिकाम्या हातांनी जिन्यात उभा होतो. पलीकडे कोणीतरी हळू आवाजात काहीतरी बोललं आणि सगळ्या बायका एकदम हसल्या. माझ्यावरच असावं. काकूंचं हसणं सगळ्यांत मोठं होतं, ते मी त्या मोबाइलवर कधी ऐकलं नव्हतं, त्यात आवाज नव्हताच. कान दाराला लावावा अशी इतकी इच्छा झाली की मी कठडा धरून भराभर खाली आलो.

बऱ्याच वेळाने बायको वाटीभर चीक घेऊन आली. पदराला चीक लागला होता, डोळे जरा लाल होते, हसून की रडून ते कळेना.

"काय बोलत होत्या एवढं?" मी विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली, आणि चिकावर दूध घालून वाटी माझ्या पुढे सरकवली.