सर्वसाधारण जागा

घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि या गोष्टीत चूकही माझीच, तरी लिहायला बसलो याबद्दल क्षमा असावी. आज भंडाऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात गरम कागदाचा वास आला आणि तुमसरकडच्या आमच्या गावातली पाच वर्षांपूर्वीची दुपार आठवली. महिला राखीव जागेवरून एकदा ग्रामपंचायत सदस्य झालेल्या शेजारच्या काकू धानकापणीवरून थेट आमच्या घरी आल्या होत्या. साडीला तणस चिकटलेली, हातात दाखल्यांच्या झेरॉक्सची पिशवी. "बाबू, तू अकरावीत आहेस, सांग, मले यंदाबी निवडणुकीचा फारम भरता येते का?" मी पिशवीतली वॉर्डांच्या आरक्षणाची यादी पाहिली. आमच्या वॉर्डासमोर 'सर्वसाधारण' लिहिलं होतं. मी ठामपणे म्हणालो, "नाही काकू, यंदा जागा बायांची नाही." ओट्यावर बसलेले त्यांचे नवरे, काका, हसले, "झाली नं हौस? बसा आता घरी." काकूंचं मन मानेना. आठवड्याने मजुरी बुडवून त्या तहसीलला गेल्या, तेव्हा फारम भरायची मुदत आदल्याच दिवशी संपलेली. संध्याकाळी पिशवी मांडीवर घेऊन त्या एवढंच बोलल्या, "सगळ्यांसाठी म्हंजे माह्यासाठीबी होती म्हने जागा." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. यंदा त्या सर्वसाधारण जागेवरच, पुरुषांसमोर उभ्या राहिल्या. आत्ता आईचा फोन आला. काकू थोडक्यात पडल्या, फिरून फिरून पाय सुजलेत, घसा बसलाय, आणि माझ्यासाठी निरोप आहे, "पंचायत समितीच्या फारमले काय काय लागते, बाबूले विचारा. या खेपेले नीट वाचजो म्हना."