नवसाचा नारळ

मी तोंडाची फटकळ आहे, हे आमच्या डिंगोऱ्यात कुणालाही विचारा. माणसांना सोडत नाही, तर देवाला का सोडू? हे गेल्यापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. दिवा लावायचे, कारण सासूबाईंच्या वेळेपासून तो लागत आलाय, पण हात जोडायचे नाहीत. भीमाशंकर माझ्या माहेरचा देव. त्याच्याच डोंगराखाली आमचं माहेरचं गाव, त्यामुळे ताप आला तरी त्याचं नाव आणि भात पिकला तरी त्याचंच. त्या देवानं मला फसवलं, असं मी चारचौघांत म्हणायचे. ऐकणाऱ्या बाया कानांवर हात ठेवायच्या.

झालं असं, की यांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा पुण्याला निघायच्या आधी मी एक नारळ धुतला, त्याला हळद-कुंकू लावलं, तांबड्या खणात बांधला आणि देव्हाऱ्यात ठेवला. म्हटलं, "भीमाशंकरा, हे आपल्या पायांनी उंबरा ओलांडून घरात येऊ देत, मी तुझ्या पायरीवर येऊन हा फोडते." आमच्याकडे नवस असाच बोलतात. नारळ बांधला की देवाला शब्द पोचला. हे आले ते अँब्युलन्समधून, चादरीखाली. चौघांनी उतरवून अंगणात ठेवलं. उंबऱ्यापर्यंतसुद्धा आले नाहीत.

तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि नारळ देव्हाऱ्यात तसाच राहिला. न फळलेल्या नवसाचा नारळ देवाला वाहता येत नाही आणि घरात फोडून खाताही येत नाही. कुणी म्हणालं, पाण्यात सोडून दे. पाणी म्हणजे आमचं धरण. त्यात सोडला तर फिरून आमच्याच काठाला लागायचा. म्हणून राहू दिला. हळूहळू आतलं पाणी आटलं आणि हलवला की गोटा वाजायला लागला.

त्यात पुतणीचं डोहाळजेवण आलं. ही धाकट्या दिरांची मुलगी, माझ्या मांडीवर वाढलेली. ओटीचं ताट मीच भरलं होतं. ते उचलून निघाले, तर जावेनं अलगद माझ्या हातातून काढून घेतलं. "आक्का, तुमी बसा ना, सकाळपासनं दमलाय." एवढं गोड बोलली. भांडली असती तर मी दोन ऐकवल्या असत्या, पण गोड बोलण्याला काय उत्तर द्यायचं? नवरा नसलेल्या बाईनं ओटी भरू नये आणि तिची कुणी भरू नये, ही रीत मला का ठाऊक नव्हती? पण ज्या हातांनी त्या पोरीला न्हाऊ-माखू घातलं, तेच हात आता अशुभ झाले होते. मी मागच्या पडवीत जाऊन बसले. रडले नाही. मनाशी एवढंच ठरवलं, की ज्याचा नारळ त्याला परत करायचा, आणि तोही अशा पाण्यात की पुन्हा माझ्या दारी येणार नाही.

माझी मुलगी सुषमा चाकणला कंपनीत आहे. तिला शनिवार-रविवार सुट्टी होती. म्हणाली, "आई, चल, तुला समुद्र दाखवते. हिरामावशीलाही भेटू." हिरा माझी माहेरची मैत्रीण. एकाच चिखलात आम्ही भाताची आवणी केली, श्रावणी सोमवारी अनवाणी एकमेकींच्या पदराला धरून भीमाशंकर चढलो. तिचा नवरा यांच्याही आधी गेला. मुलगा अलिबागच्या बाजूला शिक्षक आहे, तो तिला आपल्याकडे घेऊन गेला होता. हल्ली ती फार विसरते, असं कानावर होतं. तरी मला वाटत होतं, मला नाही विसरायची. 'अमक्याच्या माघारी राहिलेली बाई' सोडून मला माझ्या नावानं ओळखणारं जगात एक तरी माणूस उरलंय, याची खात्री करायला मी निघाले होते.

पिशवीत भावाच्या शेतातला नवा तांदूळ हिरासाठी घेतला आणि त्यावर नारळ ठेवला. माळशेज उतरताना प्रत्येक वळणाला तो मांडीवर खुळखुळायचा. सुषमा म्हणाली, "आई, काय वाजतंय गं ते?"

"देवाचं डोकं," मी म्हटलं. ती हसली नाही.

दुपार कलताना पोचलो. हिरा ओसरीवर बसली होती. कपाळ मोकळं, केस पांढरेशुभ्र. मी धावत जाऊन तिचे हात धरले. तिनं माझ्याकडे पाहिलं, दारावर आलेल्या कुणा परक्या बाईकडे पाहावं तसं. मी ओढ्याच्या खुणा सांगितल्या, तिच्या बापाचं नाव घेतलं, मास्तरांच्या छड्यांची आठवण करून दिली. ती शहाण्यासारखी मान हलवत राहिली, "व्हय बाय, व्हय." माझं नाव मात्र तिच्या तोंडून आलं नाही. सून भली होती. चहा देताना हळूच म्हणाली, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. आई रोज संध्याकाळी विचारतात, घरधनी आलं का. आधी खरं सांगायचो, तर रोज नव्यानं रडायच्या. आता आम्ही शेतावर गेलेत म्हणून सांगतो." मला राग आला. कुणाचा, ते विचारू नका. म्हटलं, उठावं, समुद्र गाठावा आणि एकदाचं ते बोचकं टाकून यावं.

आम्ही उठलो तशी हिरा ताडकन उठली. "आगं बया! अशी कशी चालली? सवाष्ण बाई माझ्या दारातनं रिकाम्या वटीनं जाती व्हय?"

सून कासावीस झाली. "आई, अहो नको, त्या..." पुढचं तिच्यानं बोलवेना. माझ्याकडे बघून तिनं मान खाली घातली. हिराचं लक्षच नव्हतं. ती आत जाऊन सुनेचा कुंकवाचा करंडा घेऊन आली. खाटेवर माझी पिशवी होती. तिच्यात हात घालून तिनं मूठभर तांदूळ काढला, नाकाशी धरला आणि म्हणाली, "आपल्याकडचा हाय." मग नारळ काढला. जणू तिनंच तिथं ठेवला होता! गाठ सोडली, तांबडा खण झटकून त्याची नीट घडी घातली आणि मला म्हणाली, "पदर धर."

मी पदर धरला. तिनं माझ्या कपाळाला अंगठ्यानं कुंकू टेकवलं, ओंजळीनं तांदूळ घातला, त्यावर नारळ, त्यावर खण. विचारलं, "घरधनी बरं हायेत न्हवं?"

"बरे आहेत," मी म्हटलं.

ओटी भरली की समोरचीलाही कुंकू लावायचं असतं. मी करंड्यात बोट बुडवलं आणि तिच्या मोकळ्या कपाळावर टेकवलं. तिनं सवयीनं मान झुकवली. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती. आम्ही फाटकापर्यंत गेलो तेव्हा हिरानं मागून विचारलं, "पर तू कुणाची गं?"

समुद्रावर गर्दी होती. पोरंटोरं, घोडागाडी, भेळवाले. ओहोटीच्या रेघेवर कुणीतरी वाहिलेला एक नारळ परत येऊन पडला होता. मी पदर पोटाशी गच्च धरून पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिले. सुषमा म्हणाली, "आई, टाक ना. त्यासाठीच आणला होतास."

"ओटीतला नारळ टाकतात होय कुठं?" मी तिच्यावर खेकसले. "जिच्या ओटीत पडला तिनं तो घरी नेऊन खायचा." बोलून गेले आणि मीच ऐकत राहिले. मग तिथंच ओल्या वाळूत बसून मोठ्यानं रडले. हे गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदा. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

परतताना घाटात माझ्या ध्यानात आलं. माहेरचा तांदूळ, खण, नारळ, ओटीचं सगळं सामान मीच घरून वाहून नेलं होतं. भरणारी तेवढी बाकी होती. आणि एक गोष्ट मला आजही टोचते. हिराला आठवत असतं, तर तिनंही माझी ओटी भरली नसती. गळ्यात पडून रडली असती आणि पाणी पिऊन जा म्हणाली असती. तिनं मला ओळखावं म्हणून मी गेले होते. ते मागणं देवानं फेटाळलं, पहिल्यासारखंच, आणि त्या फेटाळण्यातूनच हे पदरात टाकलं. याला कृपा म्हणायचं की चेष्टा, ते मला कळत नाही. पण आपण मागतो एक आणि तो देतो भलतंच, आणि घेताना पदर मात्र आपल्यालाच पसरावा लागतो, एवढं कळलं. हिराचे हात त्यानं वापरले असतील, तर त्या हातांचे उपकार मी विसरणार नाही. ती मला विसरली तरी.

रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर नारळ देव्हाऱ्यासमोर फोडला. गोटा अख्खा निघाला, पण पिवळा पडलेला. तुकडा जिभेवर ठेवला तर खवट, कडू जहर.

"आई, थुंक ते," सुषमा म्हणाली.

"गप गं," मी म्हटलं, "ओटीतलं आहे."

चावून चावून मी तो तुकडा संपवला, दुसरा तोंडात टाकला आणि कितीतरी दिवसांनी हात जोडले. भांडायचं अजून पुष्कळ बाकी होतं, पण तोंडात त्याचाच घास होता.