गाडी बंद कुठे करता?

"तुमच्याकडे आणली की चालू होते आणि पेशंटच्या दारात होत नाही. मी काय खोटं बोलते?"

सावंतबाईंनी हेल्मेट काउंटरवर आपटलं. त्यांची मोटरसायकल माझ्यासमोर एका किकमध्ये चालू होऊन मजेत धडधडत होती.

नव्वदच्या दशकाची अखेर. वसईतल्या एका शोरूमच्या सर्व्हिस स्टेशनमध्ये मी सुपरवायझर होतो. आधी आम्ही बाईंच्या गाडीचा प्लग बदलला होता, मग कार्ब्युरेटर साफ केला होता. प्रत्येक वेळी जॉब कार्डवर 'ओके' लिहून गाडी परत दिली होती. तरी त्या पुन्हा दारात हजर.

बाई एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायच्या. नवरा जिन्यावरून पडून पाय मोडून घरी, बिनपगारी रजेवर. घर बाईंच्या या फेरीवर चाललं होतं. गाडी नवऱ्याची, पण दुसरी घेणार कुठून? नमुने वेळेत पोचत नव्हते, आणि आता आणखी एकदा उशीर झाला तर फेरी दुसऱ्याला देतो, असं लॅबच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"अहो, बाईमाणसाची किक ती, जोर पडत नसेल," आमचे मालक मला आत बोलावून म्हणाले. "त्यांना बटणावर चालू होणारी सेल्फवाली दाखवा."

मालकांना प्रत्येक तक्रारीत नवी गाडी विकलेली दिसायची. मला राग आला. जोर पडत नसता तर रोज सकाळी घरून गार इंजिन तरी कसं चालू झालं असतं? मी म्हटलं, "उद्या मी बाईंच्या मागे जाऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी माझी स्कूटर घेऊन त्यांच्या फेरीत निघालो. घरून गाडी लगेच चालू झाली. सांडोरला एका वाडीच्या फाटकाशी त्यांनी ती बंद केली, आत जाऊन रक्त घेतलं, बर्फाचा डबा सांभाळत बाहेर आल्या. चोक ओढला, रेसची मूठ दोनदा पिळली आणि किक मारली. काही नाही. पुन्हा किक. आता पेट्रोलचा वास यायला लागला. केळीचे घड लादलेला एक सायकलवाला थांबला.

"मॅडम, रेस द्या ना, रेस!"

बंद पडलेली गाडी दिसली की आपल्याकडे कुणीही हाच सल्ला देतो. बाईंनी रेस दिली. वास आणखी वाढला.

चोक म्हणजे काय, तर तो हवा अडवतो, त्यामुळे इंजिनात पेट्रोल जास्त जातं. गार इंजिनाला ते लागतं. गरम इंजिनाला तेच दिलं की प्लग भिजतो आणि ठिणगी पडत नाही. थोडा वेळ थांबलं की पेट्रोल उडून जातं. गाडी ढकलत आमच्याकडे आणून नंबर लागेपर्यंत तेच होत होतं.

"चोक ओढायला कुणी सांगितलं?"

"ह्यांनी. दहा वर्षं चालवतायत. एकदाही अडली नाही म्हणतात."

मी चोक आणि चावी बंद करायला लावली. मूठ पूर्ण उघडून सावकाश किका मारायला लावल्या, म्हणजे साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. मग चावी चालू, मुठीला हात लावायचा नाही. "किक हळू दाबत न्या. जड लागली की पाय वर घ्या आणि मग अंगाचं वजन टाका."

गाडी चालू झाली. बाई इतक्या मोकळ्या हसल्या की मलाच बरं वाटलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. गाडी पुन्हा अडली होती, नमुने कसेबसे वेळेत पोचले होते.

"मी सांगितलं तसंच केलंत ना?"

"हे म्हणाले, मेकॅनिक काहीही सांगतात, चोकशिवाय मारलीस तर इंजिन जाईल. गाडी त्यांची. उद्या काही बिघडलं तर जन्मभर ऐकावं लागेल हो मला."

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सावंत पलंगावर, प्लास्टरचा पाय उशीवर. चहा यायच्या आधीच त्यांनी आपल्या दहा वर्षांचा विषय काढला.

"कबूल," मी म्हटलं. "सकाळी गाडी घेऊन कुठे जायचात?"

"स्टेशनला."

"मग?"

"मग काय, स्टँडला लावायची आणि ऑफिसला. संध्याकाळी तिथून घरी."

"मध्ये कुठे थांबायचात? दूध, भाजी?"

"छे. ते हीच बघते."  एवढं बोलून त्यांनी बायकोकडे बघितलं. "म्हणजे मी ही गाडी गरम असताना कधी चालूच केली नाही?"

मी चहा प्यायलो. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी गरम गाडीला चोक लावला नाही. बाईंची फेरी टिकली.

तेव्हापासून असं गिऱ्हाईक आलं की मी 'गाडीला काय झालंय' हे नंतर विचारतो. आधी विचारतो, गाडी बंद कुठे करता आणि किती वेळ? निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथेच मिळतं. मालकांना ही पद्धत कधीच आवडली नाही, कारण त्यात काही विकलं जात नाही.

पाय बरा झाल्यावर सावंत स्वतः सर्व्हिसिंगला आले. मी नुकतीच ट्रायल मारून आणली होती, इंजिन तापलेलं. ते गाडीवर बसले आणि हात सवयीने चोककडे गेला. तिथेच थांबला. त्यांनी हात मागे घेतला, किक मारली, गाडी चालू झाली.

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "घरी सांगू नका हं."