खाचेत बसणारा पेचकस

कुरुंद्याच्या आमच्या हळदीच्या रानात पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर बंद पडला, तेव्हा वसमतहून एक म्हातारे मिस्त्री आले. आधी त्यांनी फ्यूज काढले, मग पेटी उघडली. चष्मा कपाळावर सरकवून ते तारेच्या स्क्रूकडे पाहत राहिले. स्क्रूची खाच पार झिजली होती.

“हे कोणी केलं?”

“तार ढिली झाली होती. घरातल्या सुरीनं आवळली,” मी म्हणालो.

ते भडकलेच. “सुरी कांदा कापायला असती! खाच खाल्ली तिनं, स्क्रू ढिलाच राहिला. तार तापली अन् निसटून पत्र्याच्या पेटीला टेकायला आली; टेकली असती तर पेटीत करंट उतरला असता. मोटार कोण चालू करतंय?”

“बायको.”

“ओल्या हातानं?”

रानात पाणी देताना तिचे हात ओलेच असायचे.

त्यांनी नवा स्क्रू घातला. कापडात गुंडाळलेले पेचकस काढून एकेक खाचेत लावून दाखवला. अरुंद होता तो आत नुसताच फिरला, रुंद होता तो खाचेत शिरलाच नाही. तिसरा बराबर बसला. “हातात आला तो पेचकस न्हाई. खाचंत बसला तो पेचकस,” म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि स्क्रू माझ्याकडूनच आवळून घेतला.

चहा नको म्हणाले. गाडीला किक मारतानाही पुटपुटत होते, “शिकलेले लोक तुमी, अन् काहून असं करता?”

नाव विचारायची माझी हिंमत झाली नाही. माझ्या बायकोला कधी पाहिलंही नव्हतं त्यांनी. तरी तिच्यासाठी इतके चिडले, याचीच मला जास्त लाज वाटली.