दादांचे मार्क

माझ्या नवऱ्याला आमच्या इमारतीत ‘काडीवाला’ म्हणतात. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माझा पाठिंबा आहे. कुठेही जायचं म्हटलं की हा आधी खांद्याला एक लांबोडकी पिशवी अडकवतो. पिशवीत एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची काठी, तारेची दोन रिळं, डब्याएवढा रेडिओ, बॅटरी आणि संदेश ठोकायची मोर्सची चावी. काठी ओढली की तीन मजले उंच होते. तिच्या टोकाला तार बांधली की झाला अँटेना. मग हा कानाला हेडफोन लावून टिंबं आणि रेघा ठोकत बसतो, आणि जगातून कोणीतरी रिकामटेकडा ठोकून उत्तर देतो. याला हौस म्हणतात. तिचा सरकारी परवानाही मिळतो. तोंडावर मी त्याला अहोजाहो करते, इथे करणार नाही.

पोटापाण्याचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. लिफ्टचं मशीन इमारतीच्या डोक्यावर असतं, म्हणजे गावोगावच्या गच्च्यांच्या किल्ल्या आयत्याच याच्या हातात. मुलगी नोकरीसाठी दूर गेली तेव्हापासून दौऱ्यावर मीही जाते. ‘तुलाही जरा हवापालट,’ असं हा म्हणाला होता. खरं कारण पहिल्याच गच्चीवर कळलं. वारा सुटला की काठी धरायला माणूस लागतं.

आजवर मी सतरा-अठरा गच्च्यांवर काठी धरून उभी राहिले आहे. एका लॉजच्या पहारेकऱ्याने पिशवीत बंदूक आहे असं समजून आम्हाला तासभर बाकावर बसवून ठेवलं. एका गच्चीवर याने आपल्या तारा पसरायला कोणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी काढून घडी करून ठेवल्या, आणि त्या बाईने मला, मला, चोर म्हटलं. हा तेव्हा हेडफोन लावून बसला होता. याला काही ऐकू आलं नाही.

एवढं सगळं कशासाठी, तर रविवारी सकाळी साडेसातसाठी.

माझे सासरे जहाजावर रेडिओ ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन्ही मुलांना नेम घालून दिला: तुम्ही कुठेही असा, रविवारी साडेसातला हवेत हजेरी लावायची. थोरला मुलगा, म्हणजे दादा, घरून, सासऱ्यांनी हाताने बनवलेल्या सेटवरून. धाकटा, म्हणजे आमचा काडीवाला, जिथे असेल तिथून. अकरा वर्षांपूर्वी सासरे गेले. ते गेले त्या सकाळी हा परगावी एका गच्चीवर काठी उभी करत होता, आणि फोन खाली मशीनच्या खोलीत सदऱ्याच्या खिशात वाजत राहिला. सात वेळा. हा घरी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दादांनी याला दारातच अडवलं आणि चार माणसांसमोर म्हणाले, “सगळं जग पकडतोस, घरचा फोन तेवढा पकडता आला नाही तुला. आता कशाला आलास?”

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. जाऊबाई आणि मी, आम्हीही आपापल्या नवऱ्याच्या बाजूने तोंड शिवून बसलो. माझे दीर हा माणूस दगड आहे असं माझं मत होतं, आणि माझा नवरा त्याच खाणीतला.

बोलणं बंद झालं, तरी रविवारची हजेरी काही बंद झाली नाही. ती आधी बंद कोण करणार? जो करेल तो हरला. म्हणून दर रविवारी साडेसातला दोघं दोन मिनिटं एकमेकांना गाठतात. आपापली ओळख, एकमेकांना मार्क, बस. शेवटी शुभेच्छा द्यायची रीत असते, ती दोघंही गाळतात.

हे मार्क समजावून सांगायला हवेत, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. समोरचा कसा ऐकू येतो ते तीन आकड्यांत सांगतात. अक्षरं किती कळली, हे पाचापैकी. आवाज किती जोरात, हे नऊपैकी. आणि सूर किती स्वच्छ, हेही नऊपैकी. पैकीच्या पैकी म्हणजे पाच-नऊ-नऊ. हे लोक एकमेकांना धड ऐकू आले नाहीत तरी सर्रास पाच-नऊ-नऊ वाटत सुटतात. लग्नात सगळ्यांनाच ‘छान दिसताय’ म्हणतो, तसं. पण दादा मोजून देतात. बाकीच्यांच्या सेटवर आवाज मोजणारा काटा असतो. सासऱ्यांच्या सेटला काटाच नाही. दादा कानाने मोजतात.

वही मी लिहिते. तारीख, वेळ, ठिकाण, अँटेना, मार्क. म्हणून आकडे तेवढे मला येतात: पाच म्हणजे पाच टिंबं, नऊ म्हणजे चार रेघा आणि एक टिंब. बाकी अक्षरं मी मुद्दाम शिकले नाही. एवढा संसार बिनाअक्षरांचा चालला आहे, पुढेही चालेल.

तर दादा सुरुवातीला पाच-सात-नऊ द्यायचे. मग पाच-पाच झालं, चार-चार झालं. गेल्या दोन वर्षांत तीनच्या वर गाडी गेली नाही. सुराचा नऊ तेवढा कधी कापला नाही. इकडे समुद्रापलीकडचे लोक याला पाच-नऊ-नऊ देत होते, आणि दोनशे किलोमीटरवरचा सख्खा भाऊ तीन-तीन.

“मुद्दाम करतो,” हा म्हणायचा. “बाबांची शिक्षा अजून देतोय मला. दर रविवारी, थोडी थोडी.”

मग याने चंग बांधला. उभी तार काढून तंबूसारखी उतरती लावली, कारण जवळच्या माणसाला म्हणे ती बरी पडते. जमिनीवरच्या तारा चाराच्या आठ केल्या. तार बोटभर दुमडायची, मीटर बघायचा, परत सोडायची, आणि मी आपली काठी धरून उभी. जेवताना मध्येच हात थांबायचा आणि हा भिंतीला म्हणायचा, “तीन?” एकदा मी म्हटलं, सोडून द्या ना नाद. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विषय काढला नाही. याला दादांकडून एकदा पाच-नऊ-नऊ हवं होतं. लाज वाटावी एवढं हवं होतं. ते मिळालं असतं तर त्या दारातल्या वाक्याचा हिशेब मिटला असता, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

या वर्षी याच्या कंपनीकडे दादांच्या शहरातल्या एका कचेरीची लिफ्ट आली. कचेरी बरोबर दादांच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की दार. काम दुसऱ्या मेकॅनिकचं होतं, याने मागून घेतलं. वाटेत मला बेत सांगितला: “रविवारी समोरच्या गच्चीवरून पाठवतो. समोरून तर बिनतारेचा चमचासुद्धा पाच-नऊ-नऊ ऐकू जाईल. आता देऊ दे तीन. मग वर जातो आणि वही तोंडावर मारतो.”

“आणि दिलं पाच-नऊ-नऊ तर?”

याने पिशवीतली तार काढून पुन्हा मोजायला घेतली.

रविवारी सात वाजता आम्ही कचेरीच्या गच्चीवर. रस्ता रिकामा, हवा स्वच्छ. दादांची चौथ्या मजल्यावरची खिडकी सताड उघडी होती, आत दिवा लागलेला दिसत होता. मी कठड्याशी काठी धरून उभी राहिले. हा पाण्याच्या टाकीमागे सावलीत, हेडफोन चढवून. साडेसातला त्याने ठोकायला सुरुवात केली.

आणि समोरून किंकाळी आली.

मला आधी वाटलं कुठेतरी धोक्याचा भोंगा झाला. कर्कश, कानात सळई घातल्यासारखा. दादांच्या वरच्या मजल्यावरच्या बाईने खिडकी धाडकन लावून घेतली. खालच्या गॅलरीतला एकजण नुसता मान हलवून पेपर घेऊन आत गेला. या लोकांना हे रोजचं असावं. भोंगा थांबला, परत सुरू झाला, परत थांबला. मी सहज वळून पाहिलं तर माझ्या नवऱ्याचा हातही थांबला होता. तो हलला, भोंगा वाजला.

आता दादांचं उत्तर आलं. ते फक्त याच्या हेडफोनमध्ये. याचा चेहरा लाल झाला.

“दोन,” तो उठत म्हणाला. “दोन-तीन-नऊ. समोरून. लिही. ठिकाणही लिही, नीट अक्षरात. आज नाही सोडत मी त्याला.”

“अहो, थांबा. समोर काय वाजतंय ते ऐका.”

“काही वाजत नाहीये.”

मी काठी कठड्याला बांधली, त्याच्या कानावरून हेडफोन ओढून काढला आणि खाली बसून ती चावी दाबून धरली. मला परवाना नाही, म्हणजे हा गुन्हा आहे. अख्खा रस्ता ओलांडून ती किंकाळी आमच्यावर आदळली. मी बोट उचललं, थांबली. दाबलं, आली. तिसऱ्यांदा त्याने माझा हात धरला.

“तो स्पीकर आहे,” तो हळू म्हणाला. “बाबांच्या सेटचा.”

“मग दोन कसे दिले?”

त्याने रेडिओ बंद केला. जिना उतरताना वही मात्र त्याने काखेत घट्ट धरली होती. अकरा वर्षांचा राग असा सात मजल्यांत उतरत नाही.

जाऊबाईंनी दार उघडलं. केस पार पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी ‘या’ही म्हटलं नाही, “तो रविवारचा आवाज बंद करा तुमचा एकदाचा,” एवढंच म्हणाल्या. आत दादा आमच्याकडे पाठ करून बसले होते, कान स्पीकरच्या जाळीला टेकवून. आम्ही मागे जाऊन उभे राहिलो तरी पत्ता नाही. नवऱ्याने खांद्याला हात लावला तेव्हा दचकले.

“तू?” वळून बघत दादा म्हणाले. “कुठून पाठवत होतास? काही कळत नव्हतं.”

“समोरून.”

“काय?”

“समोरच्या गच्चीवरून!”

“मोठ्याने बोल. पहिल्यापासून पुटपुटतोस तू. आणि ती काठी टाकून दे. हल्ली कोणालाच अँटेना लावता येत नाही. सगळेच बारीक येतात.”

“पत्र्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं ठोकाठोकी,” जाऊबाई मला म्हणाल्या. अकरा वर्षांनंतरचं हे आमचं पहिलं धड बोलणं. “डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येतात. सगळं जग हळू बोलायला लागलंय, यांचे कान ठणठणीत आहेत.”

माझ्या नवऱ्याने दादांसाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं. मला ते पाठ आहे, झोपेतही म्हणायचा. ते त्याने म्हटलं. दादा म्हणाले, “काय?” त्याने जोरात म्हटलं. “काय?” तिसऱ्यांदा तो इतका ओरडला की शेजारचं दार उघडलं. तीनदा ओरडून सांगितलेला टोमणा टोमणा राहत नाही. माझा नवरा खुर्चीत बसला आणि त्याने वही टेबलावर ठेवली.

मग त्याचं बोट टेबलावर वाजायला लागलं. टिंबाला नखाने टक, रेघेला बोट फरकन ओढायचं. दादांनी आधी नुसतं पाहिलं. मग तळहात टेबलावर पालथा टाकला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचंही बोट वाजलं.

हवेत शिव्या द्यायला या लोकांना कायद्याने बंदी आहे. टेबलावर नाही. पहिली पंधरा मिनिटं काय झालं ते मला अक्षरं न येताही कळलं. दोघांच्या माना ताठ, बोटं एकमेकांच्या वरताण. दादांनी एकदा इतक्या जोरात रेघ ओढली की त्यांच्या कपातला चहा बशीत आला. जाऊबाईंनी फडकं आणलं आणि दादांच्या हाताखालून पुसून घेतलं. ते थांबले नाहीत.

मध्येच माझा नवरा थांबला. दादा एकटेच ठोकत राहिले, सावकाश. ते काय होतं हे त्याने मला नंतर सांगितलं: ‘सात फोन मीच केले. बाबा म्हणत होते, असू दे, तो गच्चीवर असेल. ते तेव्हाही तुलाच सांभाळून घेत होते, मला त्याचाच राग आला होता.’

माझ्या नवऱ्याने बाहीने तोंड पुसलं. मग त्याने काहीतरी छोटंसं ठोकलं. चार-पाच अक्षरं असतील. दादांनी मान वाकडी करून विचार केला, तळहात टेबलावर नीट दाबला आणि उत्तर दिलं. हे मात्र मला वाचता आलं. पाच टिंबं. चार रेघा, एक टिंब. आता शेवटचा आकडा. तीन रेघा, दोन टिंबं.

“आठ?” माझा नवरा तोंडाने म्हणाला. “आठ का?”

दादांनी ओठ वाचले असावेत.

“टेबलाचा एक पाय आखूड आहे,” ते म्हणाले. “सूर स्वच्छ येत नाही.”

संध्याकाळी मी वही उघडली. तारीख घातली, वेळ घातली. ठिकाण: दादांचं घर. मार्क: पाच-नऊ-आठ. अँटेनाचा रकाना राहिला होता.

“तिथे काय लिहू?” मी विचारलं.

त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. नखाशी सालटं निघालं होतं.

“बोट लिही,” तो म्हणाला. “आणि पुढच्या वेळी येताना टेबलाच्या पायाला लावायला रबर घे. एक मार्क फुकटचा गेला.”