पसरत न्हाई

कंधारच्या बसमध्ये शेजारच्या बाईच्या मनगटाभोवती लाल चट्टे होते. मी नकळत सरकून बसले.

"सरकू नका, हे पसरत न्हाई," ती कडाडली. "घड्याळाचा चामड्याचा पट्टा घालत होते हौसेनं. बरोब्बर त्याच्याखालीच उठलं. चामडं कमावायच्या औषधाची ॲलर्जी हाय म्हणले डॉक्टर. पट्टा काढला, मलम लावलं, आता उतरून राहिलंय."

"घरी सांगितलं का?"

"डॉक्टरचा कागद वाचून दाखवला. तरी सासूनं दोन महिने ताट येगळं ठेवलं, पोरीला शिवू दिलं न्हाई. आज ताट अंगणात भिरकावलं, पोरीला उचललं अन् निघाले."

मांडीवरची पोर त्याच मनगटावर गाल टेकून झोपली होती. मी ओशाळून परत जवळ सरकले. तोवर तिनं आमच्या मधे पिशवी ठेवली होती.