तलावातल्या मासोळ्यांचा प्रोजेक्ट
फॉर्मलीनचा वास आला की एमएस्सीचा पहिला प्रोजेक्ट आठवतो. एकोडीकडच्या तलावावर मी आणि वर्गातली एक मैत्रीण मासोळ्यांचे नमुने गोळा करत होतो. वर्गात पहिली मी, पण ती ढिवरांच्या घरची, तिचा बाप त्याच तलावात जाळं टाकायचा. मी पुस्तक उघडून खवले मोजत बसायचे. ती मासोळी नुसती हातात घेऊन ओळखायची. त्या दिवशी सर तिच्या शेजारी चिखलात उकिडवे बसले आणि ती सांगेल ते वहीत लिहून घेऊ लागले. “तिले तर घरूनच येते सर, याच्यात अभ्यास कोणता?” मी म्हणाले. सरांनी मान वर केली नाही, पण तिनं ऐकलं. संध्याकाळी माझ्या दोन बाटल्यांवरची नावं चुकलेली तिला दिसली. सरांना कळायच्या आत तिनं चिठ्ठ्या बदलल्या. “मलेबी पहिले असंच होत होतं,” एवढंच म्हणाली. मला त्याचाच जास्त राग आला. परवा माझ्या विद्यार्थिनींना दाखवायला त्या प्रोजेक्टचा मी लिहिलेला रिपोर्ट कपाटातून काढला. त्या दोन्ही मासोळ्यांची नावं बरोबर आहेत. ऋणनिर्देशात लॅबच्या शिपायाचंही नाव आहे. तिचं नाही.